तिसरा लाईट : सहकारनगरमधल्या एका रीफ टँकचं प्रकरण

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ ठेवलेला टँक, चार फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच. खडक आणि वाळू वजा जाता खारं पाणी साधारण दोनशे तीस लिटर. जागा पुण्यातल्या सहकारनगरमधल्या एका फ्लॅटचा हॉल, पश्चिमेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. टँक दोन वर्षं जुना, म्हणजे डायटम आणि शेवाळाची पहिल्या वर्षीची नाटकं उरकून स्थिरावलेला. आत दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि मऊ जातीचे प्रवाळ : मधल्या खडकावर बशीएवढा टोडस्टूल लेदर, त्याच्या पायाशी मशरूम कोरलची वसाहत, डावीउजवीकडे आणि मध्येही झोअँथिडचे गठ्ठे, मागच्या काचेला झेनिया.

कडक प्रवाळ नव्हते, आणि नसावेतच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कडक प्रवाळ, सी फॅन आणि फायर कोरल आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या पंक्तीला बसतात. हे इथे सांगायचं कारण लाईटशी जोडलेलं आहे. परदेशातल्या टँकचे जे तक्ते लोक मोबाईलवर वाचतात, त्यातले मोठे आकडे बहुतेक कडक प्रवाळांसाठी असतात. मऊ प्रवाळांचा टँक ठेवणाऱ्याने ते पाहून लाईट घेतला, तर खर्चही वाया आणि प्रवाळही.

टँकची मालकीण, म्हणजे ताई, दंतवैद्य. दिवसभर क्लिनिक, रात्री नऊच्या पुढे घरी. दिवसा टँकजवळ असतात ते त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. मला बोलावलं मेच्या मध्यात. तक्रार अशी की लाईट वाढवूनसुद्धा कोरल पांढरे पडतायत.

आधी काय घडलं होतं

सुरुवातीपासून टँकवर ९० वॉटचे दोन एलईडी पॅनल होते, पाण्यापासून वीतभर वर टांगलेले, निळा आणि पांढरा असे दोन वेगळे नॉब असलेले. फेब्रुवारीच्या सुमाराला डाव्या बाजूच्या झोअँथिडनी माना लांब करायला सुरुवात केली. एरवी खडकाला चिकटून गालिच्यासारखे पसरणारे पॉलिप देठ उंच करून वर येऊ लागले की ते लाईट शोधतायत असं समजायचं. ताईंनी ते बरोबर ओळखलं. पुढची पायरी मात्र घसरली.

त्यांनी मोबाईलमध्ये लक्स मोजायचं अॅप घेतलं आणि रात्री घरी आल्यावर पाण्याच्या वर फोन धरून पाहिलं. मध्यभागी सुमारे २६०० लक्स. कुठेतरी वाचलं होतं की लक्सला ५४ ने भागलं की पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळतो. आला ४८. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार लागतो, आणि इथे तर पाण्याच्या वरच ४८. म्हणजे सगळा टँक उपाशी आहे, असा निष्कर्ष निघाला.

५४ चा भागाकार चुकीचा नाही. तो उन्हासाठी आहे. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेलं असतं. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पोपटी-हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो. ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्याची जाणीव त्याच्या जेमतेम चार टक्के. पार मोजताना ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रत्येक फोटॉन सारखाच मोजला जातो, डोळ्याला तो आवडो न आवडो. आणि रीफच्या लाईटमध्ये निम्म्याहून जास्त एलईडी नेमके ४५० च्या आसपासचे असतात, कारण प्रवाळाच्या पेशीत राहणारं झूझँथेली हे सूक्ष्म शैवाल तोच प्रकाश उत्तम शोषतं. त्यामुळे आपल्याला मंद वाटणारा निळा लाईट प्रवाळाला चांगलाच प्रखर असू शकतो. नंतर पार मीटरने त्याच जागी जुने दोन पॅनल एवढेच लावून पाहिलं तेव्हा आकडा दीडशेच्या आसपास आला. ताईंच्या हिशेबाच्या तिप्पट.

हा घोळ डोळ्याने बघून लाईट ठरवणाऱ्या प्रत्येकाचा होतो. पांढरा नॉब वाढवला की हॉल उजळतो, पाहुणे वाहवा करतात, आणि प्रवाळाच्या पदरी त्या मानाने थोडंच पडतं. निळा वाढवला की खोली अंधारते आणि खाली पार चढत जातो.

मग दुकानात चौकशी झाली, चार फुटाला दोन पॅनल पुरत नाहीत असं उत्तर मिळालं, आणि एप्रिलमध्ये तिसरा लाईट आला : १५० वॉट, ६० अंशाच्या लेन्स, निळ्यावर भर. तो मधोमध, पाण्यापासून सहा इंचांवर टांगला आणि पहिल्या दिवसापासून शंभर टक्क्यांवर लावला. त्याच आठवड्यात काचेवरचं शेवाळ कमी करायचं म्हणून फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणारं जीएफओ भरपूर टाकलं गेलं. आणि बाहेर पुण्याचा उन्हाळा सुरू होताच.

पाहणी

टोडस्टूलचे पॉलिप पूर्ण आत, वर मेणासारखा थर. आता, लेदर जातीचे प्रवाळ अधूनमधून असा थर टाकतातच, त्यावरून घाबरायचं कारण नसतं. पण हा जवळजवळ तीन आठवडे तसाच बसला होता. त्याच्या पायाशी असलेले मशरूम एरवी हाताच्या पंजाएवढे पसरायचे, ते आक्रसून रुपयाच्या नाण्याएवढे झालेले, दोन तर खडक सोडून वाळूत घरंगळलेले. मधल्या झोअँथिडचा तपकिरी रंग उडून फिकट गुलाबी झालेला, निम्मे मिटलेले. डावीकडचे झोअँथिड अजूनही मान लांब करूनच उभे. एकाच टँकमध्ये एक कोपरा अंधाराने हैराण आणि मधला भाग उजेडाने.

पाण्याच्या चाचण्या : क्षारता ३५ पीपीटी, अल्कलिनिटी साडेआठ डीकेएच, दोन्ही उत्तम. तापमान दुपारी साडेएकोणतीस. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्याला शून्य पाहून आनंद होतो. रीफमध्ये मी शून्य पाहिलं की खुर्ची ओढून बसतो. प्रवाळाला आणि त्याच्यातल्या शैवालाला थोडं नायट्रोजन-फॉस्फरस लागतंच, आणि ते नसताना तेवढाच लाईट जास्त बोचतो.

खरा धागा अप्पांनी दिला. ते म्हणाले, "तो डावीकडचा लाईट जेवणाच्या वेळेपर्यंत बरा असतो. मग आपोआप मंद होतो. मी हिला सांगितलं, पण ही म्हणते, अप्पा, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून तसं वाटतं."

पॅनल खाली घेतला. पंख्याच्या पात्यांवर आणि मधल्या आसावर मिठाचा पांढरा थर, बोटाने ढकलला तरी फिरेना. पॅनलची बॉडी हात ठेववत नाही इतकी तापलेली. अशा पॅनलमध्ये तापमान वाढलं की करंट आपोआप कमी करणारं संरक्षण असतं, त्यामुळे दुपारनंतर तो रात्रीपर्यंत मंदच चालायचा, आणि ताई घरी यायच्या ते रात्रीच. सकाळची अवस्था त्यांनी कामाच्या दिवशी कधी बघितलीच नव्हती. रविवारी सकाळी साफसफाई करायच्या तेव्हा लाईट बंद. पंख्यावर मीठ आलं कुठून? फिल्टरमधलं पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या रिटर्न पंपाचं नोझल डाव्या कोपऱ्यात, तोंड वर केलेलं. पाण्याचा पृष्ठभाग फुटत होता, बुडबुडे फुटून बारीक तुषार उडत होते, आणि ते थेट पॅनलखाली. पंखा तीच हवा आत ओढत होता.

पॅनलखालच्या अॅक्रिलिक पट्टीचीही तीच गत. तिच्यावरून नख ओढलं तर रेघ उमटत होती. पट्टी न पुसता खाली ५८ पार, आरओच्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसल्यावर ७४. एक रुपया खर्च न करता पावपट लाईट वाढला.

मग पार मीटर घेऊन सगळा टँक पालथा घातला. हा मीटर महाग असतो, एकाने घ्यावा आणि ओळखीतल्या दहा जणांनी फिरवावा अशातली वस्तू. पण घेताना वा मागून आणताना तो गडद निळा नीट मोजणारा आणि पाण्याखाली चालणारा आहे ना, ते विचारावं. जुन्या धर्तीचे सेन्सर ४५० च्या खालचा निळा कमी दाखवतात. सेन्सर काठीला बांधून, प्रवाळ जिथे बसलाय तिथेच, तोंड सरळ वर करून धरायचा. सकाळी अकराला टोडस्टूलच्या डोक्यावर ४२० आला. मशरूमपाशी २६०. उजवीकडचे झोअँथिड ८५. डावीकडचे सकाळी ७०, दुपारी तीनला २२. आणि मधल्याच खडकाच्या कपारीखाली, जिथे मशरूमचं एक पिल्लू लपलेलं होतं, तिथे ४५. ते पिल्लू गडद, फुगलेलं, ठणठणीत.

या पिल्लाने माझ्यापुरता निवाडा केला. पाणी तेच, तापमान तेच, नायट्रेटचं शून्य तेच. फक्त उजेड वेगळा. उष्णता आणि उपासमार यांनी हातभार लावला, यात शंका नाही, पण प्रवाळ पांढरे पडले ते लाईटमुळे. उजेड पेलवेनासा झाला की झूझँथेलीतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अडखळते, पेशीत घातक ऑक्सिजन संयुगं साठतात आणि प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो. पाणी तापलेलं असलं तर हे आणखी कमी उजेडात घडतं.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की समुद्रावर भर दुपारी २००० पार असतो, मग ४२० ने काय होतंय? समुद्रात तो आकडा पृष्ठभागावर आणि माध्यान्हीला असतो. खाली जाताना तो झपाट्याने उतरतो, ढग येतात, सूर्य कलतो, पाणी गढूळ होतं. आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, आणि तिथलं पाणी मालदीवच्या फोटोसारखं आरस्पानी नसतं. टँकमध्ये मात्र एलईडी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच पट्टीत कोसळत राहतो.

किती वेळ, हा प्रश्न आला तेव्हा आणखी एक गंमत निघाली. टायमर गोल चकतीचा, विजेवर फिरणारा, सकाळी दहा ते रात्री दहा लावलेला. वीज गेली की चकती थांबते आणि मागे पडते. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की तेवढ्या वेळाचा फटका बसतो. मे येईपर्यंत चकती तशी दीडएक तास मागे पडली होती. दहा वाजले तरी लाईट लागत नाही म्हणून अप्पा बटण दाबून लावायचे, आणि टायमर आपल्या मागे पडलेल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेअकराच्या पुढे बंद करायचा. म्हणजे दिवस साडेतेरा तासांचा. ४२० पारने साडेतेरा तासांत एका चौरस मीटरवर वीस मोल फोटॉन पडतात. टोडस्टूलसाठी आम्ही शेवटी ठरवलेलं प्रमाण १४० पार, आठ तास. त्याची बेरीज चार मोल.

काय ठरवलं

पर्याय बरेच चर्चिले गेले. टी-फाईव्ह ट्यूबचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, मला तो मनापासून आवडतो. पण ट्यूब नऊ ते बारा महिन्यांत उतरतात आणि दर वर्षी चार ट्यूबचा खर्च आणि शोध. तिसरा लाईट वर घेऊन मंद चालवणं शक्य होतं, पण ६० अंशाच्या लेन्सने चार फुटी टँकमध्ये मधोमध झोत पडतो आणि कोपरे तसेच राहतात. ताईंचं मत होतं की एवढे पैसे घातलेत तर तो वापरावाच. माझं मत होतं की या टँकला त्याची गरजच नव्हती आणि नाही. मऊ प्रवाळांच्या चार फुटी टँकला दोन रुंद लेन्सचे पॅनल, नीट चालणारे, पुरतात. पुण्यात मी पाहिलेल्या अशा बऱ्याच टँकवर गरजेच्या दुप्पट लाईट टांगलेला असतो. शेवटी मीटरचे आकडे पाहून त्या तयार झाल्या.

तपकीर गल्लीतून १२ व्होल्टचे, बॉल बेअरिंगचे नवे पंखे आणले, दोन्ही पॅनलना बसवले आणि एक जोडी कपाटात ठेवली. उजव्या पॅनलचा पंखा फिरत होता, पण कुरकुरत होता. त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रिटर्न नोझलचं तोंड खाली केलं, म्हणजे पृष्ठभाग हलतो पण फुटत नाही. पॅनल पाण्यापासून फूटभर उंच घेतले, त्यामुळे प्रखरता घटली आणि पसारा वाढला. चकतीचा टायमर काढून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर लावला. वेळ दुपारी दोन ते रात्री दहा, आणि अप्पांना बटणाला हात न लावण्याची विनंती. प्रवाळाला घड्याळाशी देणंघेणं नसतं, रोज तीच वेळ पाळली की झालं. आणि ताई घरी येतात तेव्हा टँक उजळलेला असतो.

पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला एकदम अंधारात टाकणंही बरं नाही. त्याच्यात उरलेलं थोडं शैवालच पुन्हा वाढायचं असतं आणि त्याला उजेड लागतो. पण या पॅनलचा नॉब खाली नेला की एका मर्यादेनंतर लाईट लुकलुकायला लागतो. म्हणून खिडकीच्या मच्छर जाळीचे चार पदर करून टँकच्या चौकटीवर, मधल्या भागावर पसरले. खाली ६० च्या आसपास पार आला. मग दर आठवड्या-दहा दिवसांनी एक पदर काढायचा. फुकटची आणि खात्रीची पद्धत आहे, फक्त जाळी एलईडीला टेकता कामा नये आणि ओली झाली की धुवायची.

जीएफओ काढून टाकलं, माशांचं खाणं थोडं वाढवलं, महिन्याभरात नायट्रेट पाचच्या आसपास आला. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. तापमानासाठी चिलर घ्यायची तयारी होती, पण मेमधली पुण्याची हवा कोरडी असते, पृष्ठभागावर आडवा वारा देणारे दोन छोटे पंखे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरवतात. तसंच झालं, साडेसव्वीसवर आलं. त्या बदल्यात रोज चार-पाच लिटर आरओचं पाणी भरावं लागतं, कारण उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. पावसाळ्यात दमट हवेत ही युक्ती ढेपाळते, पण तेव्हा हवाच गार असते.

एका वेळी एकच बदल करावा हा माझा एरवीचा नियम. इथे पंखे, उंची आणि टायमर एकाच दिवशी बदलले, कारण ते सगळे बिघाड दुरुस्त करण्यातले होते. पार मात्र हळूहळूच हलवला.

पुढे काय झालं

टोडस्टूलने दहा-बारा दिवसांत मेणाचा थर टाकला आणि जूनच्या मध्यात पॉलिप बाहेर काढले. डावीकडच्या झोअँथिडचे जुने देठ लांबच राहिले, नवे पॉलिप मात्र खडकालगत आले. मधल्या झोअँथिडचा एक गठ्ठा गेला. वाळूत घरंगळलेल्या दोन मशरूमपैकी एक विरघळलं, दुसरं खडकाच्या चुऱ्यासोबत वाटीत ठेवलं होतं ते चिकटलं. उरलेल्यांचा तपकिरी-हिरवा रंग परतायला गणपती उजाडले. झेनियाला या सगळ्याशी काही कर्तव्य नव्हतं. ती आधीही पसरत होती, नंतरही.

पदर सगळे निघाल्यावर मोजलं तेव्हा टोडस्टूलवर १४०, मशरूमपाशी ९०, दोन्ही टोकांना ७० ते ८०. विजेचा हिशेब अप्पांनी मांडला. तीन लाईट साडेतेरा तास म्हणजे रोज साडेचार युनिटच्या जवळपास. आता दोन पॅनल निम्म्या ताकदीवर आठ तास, पाऊण युनिटच्या आत. महिन्याला शंभराहून जास्त युनिट वाचले आणि बिलाचा स्लॅब खाली आला. प्रवाळ फुलले त्यापेक्षा अप्पांना याचं कौतुक जास्त.

देखभालीत आता फार काही नाही. दर रविवारी अॅक्रिलिक पट्टी ओल्या कापडाने पुसायची, लाईट बंद आणि गार असताना. काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे टँकच्या वर चालत नाही. महिन्यातून एकदा पंख्यावर मऊ ब्रश. रोज दुपारी चारला अप्पा दोन्ही पॅनलच्या जाळीपुढे हात धरून वारा येतोय का बघतात. एलईडीचा स्वतःचा उजेड वर्षानुवर्षं टिकतो. दगा देतात ते पंखे, ड्रायव्हर आणि मीठ. वर्षातून एकदा मीटर मागून आणून त्याच पाच जागा पुन्हा मोजायच्या, आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत. वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त पाणी फिरवणारा पंप चालतो. प्रवाळ दिवसभर उजेडाशिवाय आरामात राहतो, मासे ऑक्सिजनशिवाय नाही.

तिसरा लाईट घाट्यात विकला गेला. घेणाऱ्याला ताईंनी स्वतःहून सांगितलं की वीस टक्क्यांवर सुरू करा.

एक काम अजून अडकलंय. टँकखालच्या कपाटातला एक्स्टेन्शन बोर्ड मिठाने हिरवट झाला होता, तो बदलून भिंतीवर उंच लावला आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोल दिला, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. पण त्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवायचा राहिलाय, कारण इमारत जुनी आणि अर्थिंगच संशयास्पद निघालं. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन येतो म्हणतो. तो येईपर्यंत पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, असं ताईंना आणि अप्पांना दोघांनाही बजावून ठेवलंय.